चिकटवता येतं, मग सोडवताही आलं पाहिजे

बाजारात मिळणारं कुठलंही चिकटवायचं माउंट घ्या. गाडीच्या डॅशबोर्डवर फोन धरणारं, पुढच्या काचेवरचं डॅशकॅमचं, फोनच्या पाठीला लावायची ती गोल लोखंडी चकती, भिंतीवर राउटर टांगायचा हुक, दाराशेजारची बिनतारी बेल. खोक्यात एक चिठोरं असतं आणि त्यावर चार चित्रं असतात. पृष्ठभाग पुसा, कागद सोला, तीस सेकंद दाबा, चोवीस तास थांबा. पाचवं चित्र बहुतेक वेळा नसतंच. हे काढायचं कसं, यावर चिठोरं गप्प. खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरात 'इंडस्ट्रियल स्ट्रेंग्थ'!

माझं म्हणणं सरळ आहे. जी कंपनी वस्तू चिकटवून विकते, तिनेच ती सुरक्षितपणे सोडवायची रीतही सांगायला हवी. आणि वस्तूत बॅटरी असेल तर नुसतं सांगूनही भागणार नाही. ती सुटेल अशाच पद्धतीने चिकटवली पाहिजे. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा टेपवरून एवढा तमाशा? हो, करतोय. मी पेशाने पदार्थांचा अभियंता. मेलबर्नला पॉलिमरवर पीएच.डी. केली आणि पोटापाण्याचं कामही चिकटणाऱ्या पदार्थांशीच आहे. त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाचं काही चिकटून बसलं की फोन मला येतो. फोन येईपर्यंत निम्म्या लोकांनी स्क्रू-ड्रायव्हर घुसवलेला असतो. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं.

इथे ऑस्ट्रेलियात हा प्रश्न घरोघरी आहे, त्याला कारण आहे. आपल्याकडे भाड्याच्या घरातही कॅलेंडरसाठी खिळा ठोकायला कुणी फारसं विचारत नाही. इथे घर भाड्याने घेताना साधारण महिन्याच्या भाड्याएवढी अनामत ठेवावी लागते, तिला बॉन्ड म्हणतात. आम्ही राहतो त्या व्हिक्टोरिया राज्यात ती घरमालकाच्या खिशात न जाता सरकारी संस्थेकडे जमा होते. घर सोडताना भिंतीवर भोकं दिसली तर त्यातून कापून घेण्यावरून वाद होतात. व्हिक्टोरियाने २९ मार्च २०२१ पासून कायदा सैल केला. उघडी वीट किंवा काँक्रीट सोडून इतर भिंतींवर हुक आणि स्क्रू लावायला आता परवानगी लागत नाही. पण जाताना सगळं पूर्ववत करून द्यायचंच आहे. म्हणून भाडेकरू अजूनही टेपच पसंत करतो. भोक पडत नाही ना, मग झालं. टेप निघताना रंगाचा पापुद्रा घेऊन निघते, हे घर सोडायच्या आदल्या रात्री कळतं.

दुसरं कारण ऊन. जानेवारी २०२० मध्ये सिडनीजवळच्या पेनरिथला ४८.९ अंश तापमान नोंदलं गेलं. मेलबर्नने ७ फेब्रुवारी २००९ ला ४६.४ पाहिलं. हे सावलीतलं तापमान. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डचं काय होत असेल ते नागपूर-जळगावच्या वाचकांना सांगायची गरज नाही. अशा उन्हात टेप आधी मऊ होऊन पृष्ठभागाच्या बारीकसारीक खाचांत आणखी शिरते. मग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी तिच्यातले रेणू एकमेकांशी जखडले जाऊन ती कडक होत जाते. नवी टेप काढणं आणि पाच उन्हाळे खाल्लेली टेप काढणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

आता ही टेप चिकटते कशी, हे थोडक्यात. कारण ते कळलं की काढायची रीत आपोआप कळते. माउंटखाली असते ती बहुतेकदा ॲक्रिलिक फोमची, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. हा पदार्थ धड घट्ट नाही, धड पातळ नाही. दाबलं की तो अतिशय सावकाश वाहतो आणि पृष्ठभागाला भिडतो. म्हणून तर 'चोवीस तास थांबा'. चांगल्या प्रतीच्या अशा टेपला पूर्ण ताकद यायला साध्या तापमानात बहात्तर तास लागतात. जे सावकाश चिकटलं ते सावकाशच सुटतं, हा इथला पहिला नियम. कणकेचा गोळा हळूहळू ओढा, तो लांबत जातो. हिसका द्या, तटकन तुटतो. ॲक्रिलिक टेपचंही तसंच. हिसका दिला की ती घट्ट पदार्थासारखी वागते आणि सगळा जोर काचेवर किंवा प्लॅस्टिकवर जातो. हळू, सतत ओढत राहिलात तर ती वाहते आणि कमी जोरात सुटते.

दुसरा नियम तापमानाचा. गुळाचा पाक गरम असताना ताणता येतो, गार झाला की दगड. टेप कोमट झाली की तिची पकड ढिली पडते. तिसरा नियम दिशेचा. सरळ लंब ओढली किंवा बाजूला सरकवायला गेलात तर टेपचा सगळा पृष्ठभाग एकदम झुंजतो. कडेने सोलत गेलात तर प्रत्येक क्षणी एक बारीक रेघ तेवढी झुंजते. दहा माणसांशी एकदम भांडण्यापेक्षा एकेकाला गाठणं सोपं, तसं.

एवढं शास्त्र एका चिठोऱ्याच्या मागच्या बाजूला, तीन चित्रांत मावतं. ते छापलं जात नाही म्हणून काय होतं? घरगुती उपायांचा सुळसुळाट होतो. फॉरवर्ड होत आलेल्या या उपायांचा एकदा समाचार घेऊ.

ऑस्ट्रेलियातला पहिला घरगुती उपाय म्हणजे युकॅलिप्टसचं तेल. आपण ज्याला निलगिरीचं तेल म्हणतो तेच. झाड मूळ इथलं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ते निलगिरीच्या डोंगरांत लावलं आणि आपल्याकडे त्याला डोंगराचंच नाव चिकटलं. इथे जोसेफ बोसिस्टो नावाच्या औषध विक्रेत्याने १८५२ मध्ये व्हिक्टोरियात त्याचं तेल काढायला सुरुवात केली, आणि त्या नावाची बाटली आजही इथल्या घराघरांत असते. सर्दीलाही तीच, डागालाही तीच, लेबल काढायलाही तीच. काचेच्या बरणीवरचं लेबल या तेलाने छान निघतं, वाद नाही. पण तेच तेल काही प्लॅस्टिकांना, विशेषतः पॉलिस्टायरिनला, मऊ आणि गढूळ करून टाकतं. शिवाय ते पेट घेतं. काचेच्या बरणीचा न्याय डॅशकॅमच्या प्लॅस्टिकला लावता येत नाही.

दुसरा उपाय नेलपॉलिश काढायचं द्रावण, म्हणजे बहुधा ॲसिटोन. हे तर सरळ विष. उपकरणांची कवचं ज्या एबीएस प्लॅस्टिकची असतात ते ॲसिटोनमध्ये विरघळतं. पॉलिकार्बोनेटवर त्याने बारीक भेगांचं जाळं पडतं, आणि ते कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतं. थिनरची गत तीच. पेट्रोल आणि रॉकेल यांच्याबद्दल काय बोलावं? गोंद निघेलही, पण बंद गाडीत, विजेच्या उपकरणाजवळ, पेट्रोलचा बोळा घेऊन बसणाऱ्याला गोंदापेक्षा मोठी अडचण येऊ शकते.

तिसरा उपाय, फ्रीझरमध्ये ठेवा म्हणजे गोंद ठिसूळ होतो. तत्त्व खरं आहे. पण घरच्या फ्रीझरचं तापमान उणे १८ च्या आसपास असतं आणि ॲक्रिलिक फोम तेवढ्याने भरवशाने ठिसूळ होत नाही. तोवर फोन गारठतो, बाहेर काढला की दमट हवेतलं पाणी त्याच्या आतबाहेर साचतं. मुंबईच्या पावसाळ्यात हा प्रयोग करणाऱ्याला माझा दंडवत.

चौथा उपाय हीट गन. तिच्यातून काही शे अंशांची हवा येते. आणि फोन बनवणाऱ्या एका बड्या कंपनीची स्वतःची सूचना आहे की फोन बंद ठेवतानाही ४५ अंशांच्या वर नेऊ नका. यापुढे काही बोलायला हवं का?

खोबरेल तेल त्या मानाने निरुपद्रवी. लेबलाच्या रबरी गोंदावर चालतं, ॲक्रिलिक फोमवर फारसं नाही, आणि तेलकट थर मागे ठेवतं. पण खोबरेलावरून आठवलं. कोकणात फणस चिरायला बसताना विळीला आणि हाताला आधी तेल लावतात. चीक लागल्यावर नव्हे, लागायच्या आधी. सोडवायची तजवीज चिकटण्यापूर्वी करायची असते, हे आपल्या आज्या-मावश्यांना जेवढं कळतं तेवढं या कंपन्यांच्या डिझाइन विभागांना कळत नसेल, असं मानायला मी तयार नाही. त्यांना कळतं. त्यांना ते करायचं नसतं, एवढंच.

मग करायचं काय? जे चिठोऱ्यावर असायला हवं होतं ते मी इथे लिहून टाकतो. उपकरण बंद करा, वायर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा. फोन, कॅमेरा जे काही माउंटवर बसलं असेल ते आधी वेगळं करा. माउंट गाडीवर किंवा भिंतीवर असेल तर हेअर ड्रायरच्या मंद झोताने, हात सतत हलवत, मिनिट-दोन मिनिटं कोमट करा. माउंटच्या कडेवर बोट ठेववत नसेल तर फार तापवलंत. काचेला आधीच तडा असेल तर तिथे गरम हवा देऊ नका. चकती थेट फोनच्या पाठीवर असेल तर ड्रायर नको. कोमट पाण्याची पिशवी कोरड्या फडक्यात गुंडाळून थोडा वेळ ठेवा, फोन हाताला सुखाने धरवेल इतपतच. मग दातांत फिरवायचा दोरा, डेंटल फ्लॉस, टेपच्या एका कोपऱ्याखाली सरकवून करवतीसारखा मागे-पुढे करत न्या. फ्लॉस नसेल तर मासे पकडायच्या गळाची बारीक नायलॉन दोरी. कोपरा सुटला की जुनं एटीएम कार्ड आत सरकवा आणि हळूहळू सोलत जा. लोखंडी पातं नको, कुठल्याही परिस्थितीत नको.

माउंट निघाल्यावर मागे फोमचा थर उरतो. तो अंगठ्याने एका दिशेने चोळत राहा, मळ निघावा तशा त्याच्या वळ्या होऊन निघतात. शेवटचा चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने, ज्याला आपल्याकडे दुकानदार नुसतं आयपीए म्हणतात. ते फडक्यावर घ्यायचं, उपकरणावर ओतायचं नाही, आणि आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघायचं. इथे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं. फोनच्या पडद्यावर ते उगाच घासू नका, वरचा तेलरोधक लेप झिजतो. एवढंच. अर्धा तास लागतो. घाई असेल तर उद्या करा.

इथवर वाचून कुणी म्हणेल, चला, रीत कळली, विषय संपला. पण खरा विषय इथून सुरू होतो. बाहेरचं माउंट म्हणजे किरकोळ बाब. तीच टेप, तोच गोंद उपकरणाच्या पोटात आहे. फोनचा पडदा कवचाला चिकटवलेला, पाठीची काच चिकटवलेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बॅटरी चिकटवलेली. लिथियम बॅटरीच्या आत दोन विद्युतध्रुवांच्या मध्ये एक पडदा असतो, त्याची जाडी वीस मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस त्याच्या तीन-चार पट जाड असतो. चिकटलेली बॅटरी उचकटताना ती वाकली किंवा पात्याचं टोक लागलं की हा पडदा फाटतो, आतल्या आत शॉर्ट होतं, आणि आतलं द्रावण ज्वलनशील. पुढचं सांगायला नको. डॅशबोर्डवरचं माउंट चुकलं तर प्लॅस्टिक खराब होईल. बॅटरी चुकली तर घर पेटेल. म्हणून फुगलेली बॅटरी दिसली तर घरी हात लावू नका, आणि कुणी उपकरण उघडणार असेलच तर आधी बॅटरी पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरवून घेऊ दे.

आणि उचकटायचीच नाही असं ठरवलं तर? मग ती बॅटरीसकट कचऱ्यात जाते. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा. तिथल्या ह्यूम भागातला कचरा-वर्गीकरणाचा कारखाना २६ डिसेंबर २०२२ रोजी आगीत खाक झाला. कारण म्हणून बोट दाखवलं गेलं ते कचऱ्यात आलेल्या लिथियम बॅटऱ्यांकडे. व्हिक्टोरियाने १ जुलै २०१९ पासून इलेक्ट्रॉनिक कचरा जमिनीत पुरायला बंदी केली. २०२२ मध्ये देशभर बी-सायकल नावाची बॅटऱ्या गोळा करायची योजना सुरू झाली आणि सुपरमार्केटात पेट्या आल्या. छान! पण ती योजना सुरू झाली ती सुट्या, सहज निघणाऱ्या बॅटऱ्यांसाठी. उपकरणात चिकटवून टाकलेली बॅटरी त्या पेटीत टाकायची सोय नव्हती. म्हणजे जी काढताच येत नाही, आणि म्हणूनच जास्त धोक्याची, तीच योजनेबाहेर. गोंदाचा एक ठिपका वाचवायचा कुणी आणि आग विझवायची कुणी, याचा हिशोब बघा. न्यू साउथ वेल्स राज्याने २०२५ मध्ये कायदा करून बॅटऱ्यांची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्यांवर टाकायचा रस्ता मोकळा केला. उशिरा का होईना, दिशा बरोबर आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या म्हणतात, गोंद आहे म्हणून फोन पाण्यात टिकतो. अर्धं खरं. सॅमसंगचा २०१४ चा गॅलॅक्सी एस-५ आठवतोय? त्याचं मागचं झाकण नखाने निघायचं, बॅटरी हाताने बदलता यायची, आणि तरी आयपी-६७ दर्जाचं पाणीरोधक प्रमाणपत्र त्याला होतं. झाकणाला रबरी कडं होतं, बस. त्या म्हणतात, गोंदाने फोन पातळ होतो. मान्य. पण बॅटरी कुठल्या गोंदाने चिकटवायची, हा पातळपणाचा प्रश्न नाही. थ्री-एम कंपनीची भिंतीवर लावायची कमांड पट्टी पाहिली असेल. खालचं शेपूट भिंतीला समांतर ओढलं की पट्टी लांबते, लांबताना बारीक होते आणि कडेपासून स्वतःच सुटत जाते. रंगाचा पापुद्रा निघत नाही. हे तंत्र १९९६ पासून दुकानात आहे. त्याच धर्तीच्या ओढून काढायच्या पट्ट्या ॲपलने २०१३ च्या आयफोन ५-एस मध्ये बॅटरीखाली घातल्या होत्या. २०२४ च्या आयफोन १६ मध्ये तर त्याहून पुढचा गोंद आला. त्याला नऊ व्होल्टची साधी चौकोनी बॅटरी जोडली की दीडेक मिनिटात पकड सोडतो. मनात आणलं तर येतं, हे त्यांनीच सिद्ध केलं आहे. मग बाकीच्या टॅब्लेट, इअरफोन आणि घड्याळांत जन्मठेपेचा गोंद कशाला?

तिसरा मुद्दा सुरक्षेचा. इथे मात्र मी थोडा थांबतो, कारण काही ठिकाणी न सुटणारा गोंद योग्यच असतो. आपला फास्टॅग घ्या. तो काचेवरून सोलला की फाटून निकामी व्हावा असाच बनवलेला असतो, म्हणजे एका गाडीचा टॅग दुसऱ्या गाडीला जात नाही. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने काचेला न चिकटवता हातात धरून दाखवायचे टॅग काळ्या यादीत टाकायचं जाहीर केलं, ते याचसाठी. इथल्या टोलचा प्लॅस्टिकचा टॅग काचेवरच्या खोबणीतून काढता येतो, कारण त्यात बॅटरी असते आणि ती कधीतरी संपते. दोन्ही रचना आपापल्या जागी शहाणपणाच्या. कागदी टॅगला बॅटरी नाही, तो फाटला तर दुसरा मिळतो. निकष असा हवा: न सुटणाऱ्या गोंदाचा फायदा वापरणाऱ्याला किंवा समाजाला होतो आहे, की फक्त विकणाऱ्याला? फास्टॅग या परीक्षेत पास होतो. चिकटवलेल्या बॅटरीचा टॅब्लेट नापास.

गेल्या वर्षी घरातल्या अशाच एका टॅब्लेटची बॅटरी बदलायला मी आमच्या उपनगरातल्या एका दुकानात गेलो. मजुरी नव्या टॅब्लेटच्या निम्म्याहून जास्त सांगितली, ते ठीक, इथे माणसाच्या वेळेला किंमत आहे. पण वर एक कागद पुढे केला: उघडताना पडदा फुटला तर दुकान जबाबदार नाही, सही करा. दुकानदार बिचारा प्रामाणिक होता. म्हणाला, गोंद किती वाळला आहे ते उघडेपर्यंत मला कळत नाही. म्हणजे चिकटवणारा नामानिराळा, उघडणारा घाबरलेला आणि जोखीम माझी. बहुतेक लोक अशा वेळी नवा टॅब्लेट घेतात. तोच तर हेतू!

'तिकडे कायदे कडक असतील की' असं आपल्याकडे नेहमी म्हटलं जातं. आहेत, आणि नाहीतही. इथला ग्राहक कायदा १ जानेवारी २०११ पासून लागू आहे. दुरुस्तीची सोय आणि सुटे भाग वाजवी काळ मिळाले पाहिजेत अशी हमी त्यात आहे. पण विकतानाच 'मिळणार नाहीत' असं कळवलं की निर्माता त्यातून सुटतो! त्याच कायद्याखाली २०१८ मध्ये इथल्या फेडरल कोर्टाने ॲपलला नव्वद लाख डॉलरचा दंड केला. बाहेरच्या दुकानातून दुरुस्ती करून घेतली म्हणून तुमचा हक्क गेला, असं किमान २७५ ग्राहकांना सांगितल्याबद्दल. ही चांगली बाजू. सरकारच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने २०२१ च्या अखेरीस दुरुस्तीच्या हक्कावर जाडजूड अहवाल दिला. त्यात बऱ्याच चांगल्या सूचना आहेत, पण सगळ्या वस्तूंसाठी सरसकट सक्ती करा असं त्यात म्हटलेलं नाही. मोटारींसाठी मात्र १ जुलै २०२२ पासून दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणं बंधनकारक झालं. मोटारीच्या इंजिनची माहिती मिळते, टॅब्लेटच्या गोंदाची मिळत नाही.

मला सर्वांत आवडलेलं वाक्य युरोपच्या कायद्यात आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. 'काढता येणं' म्हणजे काय, तेही लिहिलं आहे: बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी, आणि उष्णता किंवा द्रावण न वापरता. म्हणजे हेअर ड्रायर आणि आयपीए लागलं तर ती वस्तू नापास. त्यात सवलती आणि पळवाटा आहेत, तरी गोंदावर नेमकं बोट ठेवणारा कायदा म्हणून मी त्याला सलाम करतो.

आणि आपण? भारत सरकारच्या ग्राहक खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी 'दुरुस्ती-सुलभता निर्देशांक' सुचवला. वस्तू किती थर उघडल्यावर सुटते, हत्यारं कुठली लागतात, जोडणी कशाने केली आहे, हे त्यात मोजायचं आहे. कल्पना उत्तम. पण जोडणी म्हणजे फक्त स्क्रू, असं कुणी समजू नये. गोंद ही आजची मुख्य जोडणी आहे. निर्देशांकात गोंदाला गुण कसे द्यायचे, यावर सगळं अवलंबून आहे.

'आमच्याकडे लॅमिंग्टन रोड आहे, कायदा कशाला?' हा युक्तिवाद मी पुष्कळ ऐकलाय. त्या रस्त्यावरच्या कारागिरांबद्दल मला मनापासून आदर आहे. गरम पाटावर फोन ठेवून, तारेने पडदा सोडवून, पुन्हा जसाच्या तसा बसवून देणारी ती मुलं इथल्या कित्येक दुकानांना शिकवतील. पण त्यांचं कौशल्य म्हणजे कंपन्यांच्या बेपर्वाईवरचं मलम आहे. दहा बाय दहाच्या गाळ्यात दिवसभर द्रावणांची वाफ घेत, माहितीपुस्तिका नसताना, अंदाजाने बॅटरी उचकटणं हा जुगाड म्हणून कौतुकाचा विषय नाही. त्यांना पुस्तिका मिळाली पाहिजे, सुटणारा गोंद मिळाला पाहिजे.

तेव्हा मागण्या तीन. एक, चिकटवायच्या प्रत्येक वस्तूबरोबर ती काढायची रीत, चित्रांसह आणि मराठीत. दोन, बॅटरी चिकटवायची तर ओढून सुटणाऱ्या पट्टीने किंवा तसल्याच सुटणाऱ्या गोंदाने. उष्णता आणि द्रावण लागता कामा नये. तीन, ज्या कंपनीला हे जमत नाही तिने खोक्यावर तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावं, 'ही वस्तू उघडत नाही, बॅटरी संपली की फेकायची आहे'. मग घेणारा घेईल, न घेणारा नाही घेणार.

तोवर दुकानात गेलात की चिकटवायच्या कुठल्याही वस्तूबद्दल एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: 'भाऊ, हे निघतं कसं?' तो बहुधा हसेल. हसू दे. दहा जणांनी विचारलं की तो घाऊक व्यापाऱ्याला विचारेल, आणि मग कधीतरी चिठोऱ्यावर पाचवं चित्र येईल.